पहिली करवंटी

चांगल्या सवयीला सुट्टी नसते, असं बाउरो मास्तर एकतीस वर्षं पोरांना सांगत आले. नोनौती बेटावरच्या त्यांच्या शाळेतून शिकून गेलेली पोरं आता कुठं कुठं पांगली आहेत. कुणी परदेशी जहाजावर खलाशी आहे, कुणी राजधानीत, तारावाला, कचेरीत बसतो, कुणी इथंच जाळी टाकतो. पण त्यांतल्या कुणालाही विचारा, जेवणाआधी हात धुताना मास्तरांचा आवाज अजून कानात येतो, असंच तो सांगेल.

सवय म्हणजे काय, हे मास्तर माडाकडे बोट दाखवून शिकवायचे. "बघा, न उमललेल्या फुलोऱ्याची पोय घट्ट बांधली आणि तिला पहिला काप दिला, की झाड तुमचं धनी झालं. सकाळी चढा, संध्याकाळी चढा. केसासारखा पातळ काप घ्या, भरलेली करवंटी उतरवा, रिकामी लावा. तुमचं डोकं दुखतंय का, रात्री भांडण झालंय का, झाडाला देणंघेणं नाही. दोन दिवस चुकलात की पोय वाळते. मग बसा बोंबलत."

मास्तर हे नुसतं सांगत नव्हते. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, तेवढी वर्षं ते रोज पहाटे माडावर चढत आले होते. वर पोचलं की ते मोठ्यानं गात. ती इथली रीतच आहे. खाली विहिरीवर बायका आंघोळीला येतात, वर पुरुष आहे हे त्यांना कळायला हवं. मास्तरांचा आवाज बेसूर होता. मारेता, त्यांची बायको, म्हणायची, "देवानं तुम्हाला झाड दिलं, गळा द्यायचा राहिला."

खाली उतरले की नीरेची पहिली करवंटी मारेताची. त्यात कधी बदल झाला नाही. ती निजायच्या मचाणावर बसून रात्रीची चटई गुंडाळत असायची. करवंटी दोन्ही हातांत धरून ती एका दमात प्यायची, पालथ्या हातानं ओठ पुसायची आणि म्हणायची, "आज बरी आहे." नाहीतर, "आज पातळ आहे." नवराबायकोत याहून जास्त गोड बोलणं आमच्याकडे कुणी करत नाही. मास्तरांना तेवढं पुरत होतं.

त्या वर्षी मारेता ओहोटीला कोरड्या खडकांवर शिंपल्या वेचायला गेली आणि पायात प्रवाळाची चीप घेऊन आली. तिला कळलंसुद्धा नाही. चार दिवसांनी सून रुतानं चटईवर डाग पाहिला, तेव्हा अंगठ्याखाली बोटाएवढं भोक पडलेलं दिसलं.

दवाखान्यातली नर्स बेरेती ही मास्तरांचीच विद्यार्थिनी. तिसरीत असताना सातचा पाढा आला की ही रडायची. तिनं मारेताच्या बोटाला सुई टोचली, यंत्रात थेंब घातला आणि आकडा पाहून ओठ मिटले.

"काकू, साखर आहे. आजची नाही, जुनी दिसतेय. म्हणून पायाला कळत नाही."

"पायाला कधीच काही कळत नव्हतं," मारेता म्हणाली. "नाहीतर या माणसाच्या घरी चालत आला असता का?"

बेरेती हसली, पण डोळे हसले नाहीत. तिनं एक छापील कागद दिला. काय खायचं नाही त्याची रंगीत चित्रं होती. केक, चॉकलेट, आइस्क्रीम, जॅमची बाटली, फसफसणारं सरबत. त्यावर तिनं पेनानं लिहिलं: दुकानातली साखर बंद, बिस्किटं बंद, भात मूठभर, रोज चालणं, रोज पाय तपासणं, गोळ्या वेळेवर.

"गुरुजी, ही जखम भरली पाहिजे. साखर उतरली तर भरेल. नाही उतरली तर..." ती थांबली. "तर पाय जाईल. तुमच्यापासून लपवून काय करू?"

"उतरेल," मास्तर म्हणाले. "तू सातचा पाढा शिकलीस ना? मग हेही होईल."

घरी येऊन त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. सहा उभ्या रेघा, महिन्याच्या तीस आडव्या. जे जे पार पडेल तिथं पेन्सिलीनं बरोबरची खूण. कितीतरी वर्षांनी हातात पट्टी आली होती. खरं सांगायचं तर बायकोच्या दुखण्यातही त्यांना जरा उमेद वाटली. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं. न वाचणारं पोर वाचायला लागतं, नखं कुरतडणारं पोर नखं कापून येतं. माणूस बदलतो, फक्त रोज थोडं थोडं करावं लागतं. त्यांनी हे शेकडो वेळा होताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दोघं चालायला लागली. मारेताच्या पायात फडकी गुंडाळून मुलाचा जुना बूट. रस्ता एकच, गावातून विमानाच्या पट्टीपर्यंत. हातात टोपली नाही, जाळं नाही, काही काम नाही आणि दोन म्हातारी माणसं चाललीत, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

"मास्तर, काय हरवलं?"

"काही नाही रे, चालतोय."

"कुठं?"

"कुठं नाही. तिकडं जाऊन परत."

"अरे देवा! मग इथंच थांबा की, पोचलाच आहात."

गावातल्या मोठ्या सभाघरात, मनेआबात, सगळ्यांत जोरात हसायचा तो इताका. मास्तरांच्याच वयाचा, त्यांच्या शेजारच्या खांबापाशी बसायचा मान असलेला. तो म्हणायचा, "बाउरोला निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. शाळेत आता कुणी येत नाही, म्हणून बायकोलाच पहिलीत घातलंय."

मास्तर मनावर घेत नसत. मारेता घ्यायची, पण चालायची. संध्याकाळी मास्तर तिचा पाय मांडीवर घेत, आरशाचा तुकडा खाली धरून बोटाबोटामध्ये बघत, कोमट पाण्यानं धूत, पुसत, पट्टी बदलत. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी तिचा तळपाय असा कधी पाहिला नव्हता. टाचेला भेगा होत्या. एका भेगेत काळी रेघ होती, कधीची कोण जाणे. आपण पोरांना आयुष्यभर स्वच्छतेचे धडे दिले आणि घरातल्या बाईचे पाय कधी पाहिले नाहीत, असं त्यांना वाटून गेलं.

एक महिना झाला. तक्ता खुणांनी भरला. एकही घर रिकामं नव्हतं. बेरेतीनं सुई टोचली. आकडा होता तिथंच.

दुसरा महिना. तक्ता पुन्हा भरला. आकडा उलट थोडा वर.

"काकू, मध्येच काही खाता का?" बेरेतीनं हळूच विचारलं.

"काय खाणार? हे बसलेत ना पहाऱ्याला."

"नाही, माणसाचं मन असतं. माझी आई रात्री उठून साखर खायची. मी ओरडणार नाही."

"नाही खात गं."

परतताना मास्तरांनी मनातल्या मनात तक्ता पुन्हा तपासला. पण मास्तरकीचा एक दुर्गुण असतो. हिशेब चुकला की मास्तर पोराकडे बघतो, फळ्याकडे बघत नाही. फळा त्यानं स्वतः लिहिलेला असतो ना! तक्ता बरोबर होता, खुणा खऱ्या होत्या. मग चूक कुठं असणार? रोज पहाटे ते मारेताच्या हातात करवंटी देत आणि तिच्याकडे बारीक नजरेनं बघत, की हिनं काल काय खाल्लं असेल.

एका दुपारी मारेता विहिरीवर गेली असताना त्यांनी तिची लाकडी पेटी उघडली. रुता दारात चटई विणत बसली होती, तिच्यासोबत शेजारच्या दोघी. मास्तरांनी एकेक वस्तू बाहेर काढली. लुगडी, चर्चचा पांढरा पोशाख, मुलाची जहाजावरून आलेली पत्रं, मेलेल्या मुलीचं एक अंगडं. तळाशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा. त्यांनी झाकण उघडलं. आत सुया, दोरे आणि बटणं.

मारेता दारात उभी होती. केसांतून पाणी गळत होतं.

"काय शोधताय?"

"तू चोरून काही खातेस का ते."

"सापडलं?"

मास्तरांनी डबा खाली ठेवला. "मग साखर येते कुठून? तूच सांग! मी रोज तक्ता भरतो, रोज पाय धुतो..."

"बाबा," रुता हळूच म्हणाली, "आई खरंच नाही खात काही."

"तू गप्प बस. तूच देत असशील."

मारेतानं खाली बसून एकेक कपडा घडी करून परत पेटीत ठेवला. अंगडं सगळ्यांत शेवटी. मग पेटीचं झाकण लावलं.

आणि तेवढ्यावर थांबतील तर ते मास्तर कसले. दोन दिवसांनी मनेआबात इताकानं विचारलं, "काय, विद्यार्थिनी पास झाली का?" तेव्हा मास्तर म्हणाले, "कसली पास! मी पुढं शिकवतो आणि ही मागं कॉपी करते. कुठं लपवून खाते, तेच सापडत नाही." सगळे खो खो हसले. बायकांच्या बाजूला मारेता बसली होती. तीही खाली मान घालून हसल्यासारखं करत होती.

तिसऱ्या महिन्यात अंगठा काळा पडला. मग शेजारचं बोट. बेरेतीनं तारावाच्या मोठ्या दवाखान्याला निरोप पाठवला आणि विमानात जागा मिळाली. मारेता आणि सोबतीला एक बाई, एवढीच. रुता जाणार होती.

जायच्या दिवशी बेरेती पहाटेच ट्रक घेऊन आली. तिनं मारेताचा थेंब घेतला, आकडा लिहून ठेवला. मग पाय नीट बांधायला घेतला. पू बराच होता, वेळ लागला. माडावर मास्तर गात होते. ते उतरले, मारेताला करवंटी दिली, ती प्यायली. "आज बरी आहे," म्हणाली. पेटी महिनाभरापूर्वी उपसली होती, त्यानंतर ती पहिल्यांदाच असं म्हणाली होती. मास्तरांना भरून आलं.

निघायच्या आधी बेरेतीनं इन्सुलिनच्या सुईचा डोस ठरवायला म्हणून पुन्हा थेंब घेतला. यंत्राकडे पाहिलं, हलवलं, पुन्हा टोचलं.

"काकू, एवढ्यात काही घेतलंत?"

"नाही. तूच म्हणालीस ना, उपाशी राहा."

"मी आले तेव्हा अकरा होती, तीही जास्तच; सातच्या आत हवी. आता सतरा आहे. काहीतरी खाल्लंत तुम्ही."

मास्तर चिडले. "माझ्यासमोर बसलीय. काही खाल्लं नाही तिनं."

"मग प्यायलात?"

"काही नाही गं," मारेता म्हणाली.

बेरेतीची नजर मचाणावर गेली. करवंटी उलटी पडली होती. काठावर फेस होता.

"आणि हे?"

"ती? ती नीरा आहे," मास्तर म्हणाले.

ते अगदी साधेपणानं म्हणाले. आमच्याकडे नीरा म्हणजे खाणंही नव्हे आणि पिणंही नव्हे. आईचं दूध आटलं की लेकराला देतात ती नीरा. गोड म्हणजे दुकानातलं, डब्यातलं, चित्रातलं. झाडाचं कसं गोड असेल?

"रोज देता?"

"रोज म्हणजे... एक्केचाळीस वर्षं."

बेरेती मटकन मचाणाच्या कडेवर बसली. "मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "गुरुजी, मी विचारलंच नाही! कागदावर नव्हतं. मलाही माझ्या आईनं तीच पाजली, मला सुचलंच नाही."

ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला.

विमानाच्या पट्टीपाशी, जिथपर्यंत दोघं रोज चालत यायची, तिथं सावलीत मारेताला खुर्चीवर बसवलं. मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मारेता, मला ठाऊक नव्हतं गं."

"मलाही नव्हतं."

"मी माझ्या हातानं..."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "नीरेचं मला काही नाही. तुम्ही प्रेमानं दिलीत, मी आवडीनं प्यायले. पण माझी पेटी उपसलीत. सुनेसमोर. माझ्या पोरीचं अंगडं जमिनीवर टाकलंत. आणि मग मनेआबात जाऊन लोकांना हसवलंत."

मास्तरांनी मान खाली घातली. "माझं चुकलं."

"मला एकटीला सांगून काय उपयोग? जिथं हसवलंत तिथं सांगा."

"तू परत आलीस की सांगतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात विमानाच्या पंख्यांचा आवाज आला आणि सगळी धूळ अंगावर उडाली.

त्या संध्याकाळी मास्तर माडावर चढले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खालूनच पाहिलं. पोय वाळली होती, टोकाला माश्याही नव्हत्या. पहाटे मात्र डोळा ठरल्या वेळी उघडायचा, पाय आपोआप झाडाकडे निघायचे. मग ते अर्ध्या वाटेत उभे राहायचे. चांगली सवय लावणं कठीण असतं हे त्यांनी जन्मभर शिकवलं. पण लागलेली चांगली सवय अधूनमधून उलटून पाहायची असते, हे त्यांनी कुठल्या वर्गाला सांगितलंच नव्हतं. त्यांनाच ठाऊक नव्हतं, तर सांगणार काय!

तारावाहून रेडिओवर निरोप आले. आधी दोन बोटं गेली. मग घोट्यापासून पाऊल. मग गुडघ्याखालून पाय. सात आठवड्यांनी मारेता जहाजानं परत आली.

गावानं तिचं स्वागत मनेआबात ठेवलं. मास्तर नको म्हणाले होते, पण गावाला नको म्हणता येत नाही. चार माणसांनी खुर्ची उचलून तिला आत आणलं, नवऱ्याच्या घराण्याच्या जागेवर चटईवर बसवलं. ती अर्धी झाली होती. नीरफणस भाजलेले, मासे, अळूचे कंद, सगळं मांडलं होतं. आणि रीतीप्रमाणे सगळ्यांत आधी नीरेच्या काकवीचं सरबत. पहिला पेला पाहुणीचा. तिनं ओठ लावल्याशिवाय दुसऱ्या कुणी प्यायचं नाही.

पेले वाटले गेले. शंभर माणसं हातात पेला धरून मारेताकडे बघत होती. मारेतानं पेला घेतला. बेरेती बायकांत बसली होती, ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. नर्स असली तरी मनेआबात बायकांच्या रांगेतली तरुण मुलगी वडीलधाऱ्यांच्या आधी बोलत नाही.

मारेतानं नवऱ्याकडे पाहिलं.

मास्तरांनी रांगांवरून नजर फिरवली. समोर बसलेली निम्मी माणसं त्यांनी शिकवलेली. त्यांनी चुकलं म्हणायचं, म्हणजे पाढा चुकला असं फळ्यासमोर म्हणायचं. नंतर सांगू, त्यांना वाटलं. बेरेतीला सांगू, ती लोकांना समजावेल. आत्ता एक घोट घेतला तर काय मोठंसं होणार आहे?

मारेतानं पेला वर उचलला. ती वाट बघत होती, आणि फार वेळ बघणार नव्हती.

"थांब," मास्तर उभे राहिले. "पिऊ नकोस."

मनेआबात कुजबुज झाली.

"मी मागं इथं बसून म्हणालो होतो, की ही चोरून खाते. तुम्ही हसलात. तुमचा दोष नाही, मी हसवलं." त्यांचा आवाज शाळेतल्यासारखा मोठा निघत नव्हता. "हिनं काही चोरून खाल्लं नाही. मी हिची पेटी उघडली, आत बटणं निघाली. साखर माझ्या हातानं जात होती. रोज पहाटे, पहिली करवंटी. हिचा पाय मी घालवला. आणि आळ हिच्यावर घेतला."

"बाउरो," इताका म्हणाला, "खाली बस. दुःखानं तुझं डोकं फिरलंय. नीरेनं कुणाचा पाय जात नाही. आपले बाप प्यायले, त्यांचे बाप प्यायले."

"तुझ्या बापानं दुकानातला भातही खाल्ला का, पोतंभर? दिवसभर खुर्चीत बसला का? मला नाही ठाऊक, इताका. मला एवढंच ठाऊक आहे, की ज्याच्या अंगात साखर आहे त्याला ती वीख आहे. बेरेतीला विचारा. मी विचारलं नाही."

"म्हणजे आता पाहुण्याला पाणी द्यायचं आम्ही?" इताकाचा आवाज चढला. "झाडाला शिव्या घालायच्या?"

त्यानं पेला तोंडाला लावला आणि सगळ्यांसमोर रिकामा केला. काही जण त्याच्यामागे प्यायले. बरेच जण पेला तसाच धरून बसले; तो खाली ठेवावा की ओठाला लावावा, त्यांना कळेना. विहिरीपलीकडच्या घरातली एक जाडशी बाई, जिच्या पायाला महिनाभर पट्टी होती, तिनं पेला हळूच चटईवर ठेवला आणि लुगडं पायावर ओढून घेतलं. बायकांच्या रांगेत रुता रडत होती.

मारेतानंही पेला खाली ठेवला. "बसा आता," ती म्हणाली.

मास्तर तिच्याशेजारी बसले. ज्या बाजूला पाय नव्हता, त्या बाजूला बसले होते ते. लुगड्याचा तेवढा भाग चटईवर सपाट पडला होता. त्याच्याकडे बघू नये म्हणून त्यांनी समोर पाहिलं.

जेवण सुरू झालं. भांड्यांचा, बोलण्याचा आवाज हळूहळू वाढला. कुणी त्यांच्याकडे थेट बघत नव्हतं.

"सगळं सांगितलंत," मारेता हळू म्हणाली. "पण अंगड्याचं नाही सांगितलंत."

"तेवढं नाही जमलं गं."

"हं."

मग तिनं विचारलं, "बेरेती म्हणते, दुसऱ्या पायालाही आता कळत नाही. खरं का?"

"खरं आहे."

"मग उद्या सकाळी काय करायचं?"

एक्केचाळीस वर्षांत मास्तरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. समोर भाजलेल्या नीरफणसाची वाफ निवत चालली होती. त्यांनी एक फोड उचलली, अर्धी मोडली, आणि मोठी कुठली, छोटी कुठली, तिला आता कुठली द्यावी, हे हातात धरून बघत राहिले.